बाळाच्या हातात काय आहे? प्रबोधनकाळातली माता-बालकाची चित्रं वाचायची कशी

फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात राफाएलच्या एका चित्रासमोर आमच्या सहलीच्या गटाला मोजून चार मिनिटं मिळाली. "सुंदर आई, गोंडस मुलं, चला पुढे," म्हणत गाइडनं छत्री उंचावली आणि सगळे निघाले. मी घाईघाईत मोबाइलवर फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला : "मेरी आणि येशू. येशूच्या हातात चिमणी." संध्याकाळी वसईच्या मैत्रिणीचा निरोप आला. "पक्षी ज्याच्या हातात आहे तो योहान. येशू पलीकडचा. आणि ती चिमणी नाही."

एका ओळीत दोन चुका. त्या दिवसापासून ही चित्रं जरा नीट बघायला लागले, आणि एक गोष्ट लक्षात आली. वरवर पाहता ही लाडाची, खेळण्याची, दूध पाजण्याची दृश्यं वाटतात, पण त्यातलं जवळपास प्रत्येक चित्र तीस-बत्तीस वर्षं पुढचं बघत असतं. बाळ ज्याच्याशी खेळतंय ती वस्तू त्याच्या मरणाची असते, आणि आईला ते ठाऊक असतं. आईच्या चेहऱ्यावर जो उदास भाव दिसतो आणि आपण 'शांत सौंदर्य' म्हणून पुढे जातो, त्याचा उगम तिथे आहे.

अशा खुणा वाचणं आपल्याला नवं नाही. तीर्थंकरांच्या मूर्ती एकसारख्या दिसतात, पण आसनाखालचं लांछन बघून आपण सांगतो, बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. इथेही तीच सवय कामाला येते. फक्त लांछनांची यादी वेगळी, आणि ती पाठ करून भागत नाही, हे पुढे येईलच.

आधी चित्र नीट मिळवा

फॉरवर्ड होऊन होऊन विटलेल्या प्रतीवर हे काम करू नका. ज्या संग्रहालयात मूळ चित्र आहे त्याच्याच संकेतस्थळावर जा. लंडनची नॅशनल गॅलरी चित्रं इतकी मोठी करून दाखवते की पापण्या मोजता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा सगळ्यांना मोकळ्या केल्या आहेत, त्या उतरवूनही घेता येतात.

चित्र उघडलं की पहिलं मिनिटभर मोठं करू नका. पूर्ण चित्र बघा. मग बाजूला लिहिलेली मापं वाचा, हे बहुतेक जण विसरतात. दोन-अडीच मीटर उंचीचं चित्र बहुधा चर्चमधल्या वेदीमागे उभं असायचं. हातात मावेल एवढं असेल तर ते कुणाच्या तरी निजायच्या खोलीत असणार. लांबून गर्दीला दिसायचं चित्र आणि मेणबत्तीच्या उजेडात एकट्यानं बघायचं चित्र, या दोन्हींत खुणा ठेवायची पद्धत वेगळी असते.

पहिली पायरी : कोण कोण आहे

मरिया, म्हणजे येशूची आई मेरी, ओळखायला सोपी. डोकं झाकलेलं, लाल झगा, वर निळं प्रावरण. खांद्यावर सोनेरी तारा दिसला तर तो पूर्वेकडच्या बायझंटाइन साम्राज्यातल्या चित्रांतून आलेला, तिच्या कौमार्याची खूण. येशूच्या तेजोवलयात पुष्कळदा क्रूसाची आडवी-उभी रेघ असते. तशी रेघ मरियेच्या किंवा संतांच्या वलयात नसते, म्हणून शंका आली की आधी तिथे बघा.

दोन मुलं असतील तर दुसरा बहुधा योहान, पुढे जो नदीत येशूला बाप्तिस्मा देतो तो. अंगावर जनावराचं कातडं, हातात बोरूचा बारीक क्रूस, कधी कागदाची पट्टी आणि तिच्यावर लॅटिन अक्षरं : 'एक्के आग्नुस देई', म्हणजे 'पाहा, देवाचं कोकरू'. दोघांच्या आया नात्यातल्या, असं बायबलातलं शुभवर्तमान सांगतं. पण ही पोरं लहानपणी एकत्र खेळली, हे बायबलात कुठेच नाही. ते नंतरच्या आख्यायिकांतून आलं. मग फ्लॉरेन्सच्या चित्रांत योहान इतका का भेटतो? तो त्या शहराचा पालक संत आहे म्हणून. ज्यानं पैसे मोजले त्याच्या गावचा देव चित्रात येतोच.

बाकीचे संत हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. किल्ल्या म्हणजे पेत्र, मोडकं चाक म्हणजे कॅथरीन, बुरूज म्हणजे बार्बरा, सिंह म्हणजे जेरोम, अंगात बाण म्हणजे सेबास्टियन. यात अडकून पडू नका.

तेजोवलयापाशी मात्र थोडं थांबा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते सोन्याच्या ताटलीसारखं जाडजूड असतं. पुढे खोलीतला उजेड, वस्तूंच्या सावल्या हे सगळं हुबेहूब रंगवता येऊ लागलं, तशी ती ताटली डोळ्यांना खुपायला लागली. राफाएलपर्यंत येता येता तिची केसाएवढी सोनेरी कडी उरते. नेदरलँड्सच्या चित्रकारांनी त्याहून गमतीची युक्ती काढली. लंडनमध्ये सुमारे १४४० चं एक चित्र आहे, रॉबर्ट कॅम्पिनच्या परंपरेतल्या कुणीतरी काढलेलं. त्यात मरिया घरातल्या शेगडीपुढे बसली आहे आणि धग लागू नये म्हणून मागे वेताची गोल जाळी उभी केली आहे. ती जाळी बरोबर तिच्या डोक्यामागे येते. वलय काढलेलंच नाही, आणि आहेही!

दुसरी पायरी : हात बघा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढंच करा. चार हात शोधा. बाळाच्या दोन्ही मुठींत काय आहे, आईचा एक हात कुठे टेकलाय आणि दुसऱ्यात काय आहे, ते बघा.

आता माझ्या त्या फसलेल्या फोटोकडे परत जाऊ. राफाएलनं हे चित्र १५०६ च्या सुमारास लोरेंझो नासी या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याच्या लग्नानिमित्त काढलं. मोकळ्या माळावर मरिया खडकावर बसली आहे. डाव्या हातात पुस्तक अर्धवट उघडं, जणू वाचता वाचता मुलं आली. उजवा हात योहानाच्या पाठीवर. योहान धावत आल्यासारखा, गाल फुललेले, हातात पक्षी धरून 'बघ काय आणलंय' म्हणतोय. तिच्या गुडघ्यांमध्ये उभा असलेला येशू हात लांबवून पक्ष्याच्या डोक्यावरून बोटं फिरवतोय. त्याचा चेहरा पाहा. हे काही खेळायला मिळालेल्या पोराचं तोंड नव्हे. आणि त्याचं एक पाऊल आईच्या पावलावर टेकलेलं आहे. मला या चित्रात सगळ्यात जास्त आवडलेली जागा ही. लहान मूल अनोळखी वस्तूला हात लावताना एक पाय आईवर ठेवतंच.

पक्षी आहे गोल्डफिंच. पंखांवर पिवळा पट्टा, चोचीभोवती लालभडक ठिपका. हा पक्षी काटेरी झुडपांच्या बिया खातो. त्यावरून एक लोककथा तयार झाली : येशू क्रूस वाहून नेत असताना या पक्ष्यानं त्याच्या कपाळात रुतलेला काटा चोचीनं ओढून काढला, तेव्हा उडालेल्या रक्ताच्या थेंबानं त्याचं तोंड कायमचं लाल झालं. म्हणजे योहान जे खेळणं म्हणून आणतोय तो काट्यांच्या मुगुटाचा निरोप आहे. पुढे 'हे पाहा देवाचं कोकरू' असं लोकांना सांगणारा माणूस लहानपणीच ती बातमी घेऊन आलाय.

इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळच्या इटलीत पायाला दोरा बांधलेला गोल्डफिंच हे मुलांचं नेहमीचं खेळणं होतं. नासीच्या घरच्यांना चित्रात आधी आपल्या अंगणातलं पोर दिसलं असणार, मग क्रूस. चित्रकाराला हे दोन्ही एकदम हवं होतं. शिवाय या पक्ष्याचा संबंध रोगराईतून वाचवण्याशीही जोडला जात होता, आणि प्लेग तर दर काही वर्षांनी दारात. हर्बर्ट फ्रीडमन नावाच्या अमेरिकी पक्षितज्ज्ञानं १९४६ साली गोल्डफिंच असलेल्या धार्मिक चित्रांची मोजदाद केली, तर आकडा पाचशेच्या जवळ गेला.

(या चित्राचं स्वतःचं नशीबही बिकट. काढल्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी टेकडीची दरड कोसळून नासींचं घर पडलं आणि ज्या लाकडी फळीवर चित्र रंगवलं होतं तिचे तुकडे तुकडे झाले. ते खिळे ठोकून सांधले. अलीकडे दहा वर्षं दुरुस्ती चालली, आणि २००८ मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे आलं.)

हातात दुसरं काय काय सापडतं? डाळिंब असेल तर बोत्तिचेल्लीचं सुमारे १४८७ चं गोल चित्र आठवा, तेही उफीझीतच आहे. सोललेलं डाळिंब आईनं धरलंय, बाळाचा हात त्यावर. लाल दाणे म्हणजे सांडणारं रक्त, हा एक अर्थ. एका सालीत दाटलेले असंख्य दाणे म्हणजे एका चर्चमध्ये एकवटलेले भाविक, हा दुसरा. ग्रीक पुराणातली पर्सेफनी डाळिंबाचे दाणे खाते आणि दर वर्षी पाताळातून परत येते, त्यावरून पुनरुत्थान, हा तिसरा. एकाच फळाला तीन अर्थ, आणि बघणाऱ्याला ते तिन्ही माहीत होते.

सफरचंद सगळ्यात सरळ : आदाम-हव्वेचं पाप. ते येशूच्या हातात आलं की 'नवा आदाम' ते पाप फेडतोय. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे सफरचंदही आणि वाईटही, या शब्दखेळाचा त्यात वाटा आहे. द्राक्षं आणि गव्हाची कणसं म्हणजे मिस्सातला, चर्चमधल्या उपासनेतला, द्राक्षारस आणि भाकर. बॉस्टनच्या गार्डनर म्युझियममधल्या बोत्तिचेल्लीच्या चित्रात देवदूत दोन्ही एका भांड्यात घेऊन समोर येतो आणि मरिया एक कणीस उचलते. उचलताना तिची बोटं किती सावकाश पडलीत ते मोठं करून बघा.

लाल-गुलाबी कार्नेशन दिसलं तर लवंगेचा विचार करा. इटालियनमध्ये लवंगेच्या नावात 'खिळा' हा शब्द आहे, कारण ती दिसतेच खिळ्यासारखी. आणि कार्नेशनला वास येतो लवंगेचा. त्या वासावरून फूल खिळ्यांशी जोडलं गेलं आणि खिळ्यांवरून क्रूसाशी. तरुण लिओनार्दोचं म्युनिकमधलं चित्र याच फुलाच्या नावानं ओळखलं जातं. त्याचंच सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधलं दुसरं चित्र मला जास्त जवळचं वाटतं. त्यात मरिया अगदी कोवळी पोरसवदा आहे, बाळाला फूल दाखवून चक्क हसतेय. बाळ मात्र गंभीर होऊन फूल दोन्ही हातांनी पकडून न्याहाळतंय. फुलाला चार पाकळ्या आहेत, क्रूसासारख्या. इथे आईला अजून कळलेलं नाही, बाळाला कळलंय.

गळ्यात पोवळ्याची माळ असेल तर ती आपल्याला समजावून सांगायला नकोच. बाळाला नजर लागू नये म्हणून इटलीतल्या आयाही पोवळं बांधत. लाल फांद्यांवरून रक्त हा अर्थ वर चढला. हेच भूमध्य समुद्रातलं पोवळं पुढे इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याला यायचं आणि बदल्यात हिरे जायचे.

तिसरी पायरी : बाळ कसं आहे, आई कुठे बसली आहे

बाळ नागडं का? देव खरोखर माणसाच्या देहात आला, हे दाखवायला. मध्ययुगातल्या चित्रांत ते पुष्कळदा झग्यात गुंडाळलेलं असतं, छोट्या प्रौढासारखं. पंधराव्या शतकात कपडे उतरत गेले. अंगावर किंवा हातात झिरझिरीत कापड असेल तर ते बाळाचं पांघरूण आणि पुढचं कफनही. झोपलेलं बाळ दिसलं, एक हात लोंबतोय, मान कललेली, तर पुढे क्रूसावरून उतरवलेलं प्रेत आईच्या मांडीवर ठेवतात ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. मांडी तीच, ठेवण तीच.

आई जमिनीवर बसली असेल तर ती 'नम्रतेची मरिया'. लॅटिनमध्ये माती आणि नम्रता या शब्दांचं मूळ एक आहे. उंच सिंहासनावर असेल तर ती स्वर्गाची राणी. सिंहासनाच्या हातांवर सिंह असतील तर ते बायबलातल्या ज्ञानी शलमोन राजाचं आसन, म्हणजे तिची मांडी हीच ज्ञानाची गादी. फ्रँकफर्टमधलं यान व्हान आइकचं चित्र यासाठी बघा. समोर दगडी कठडा असेल, विशेषतः व्हेनिसच्या चित्रांत, तर तो खिडकीचा काठ आहे, वेदी आहे आणि शवपेटीही आहे. बेल्लिनी बाळाला त्याच कठड्यावर उभं करतो किंवा निजवतो.

भिंतीनं वेढलेली बाग म्हणजे बायबलातल्या 'गीतरत्न' या काव्यातली 'बंद बाग', मरियेच्या कौमार्याची. तिच्यात पांढरी लिली, गुलाब, स्ट्रॉबेरी. कोल्मारमधलं मार्टिन शोनगाउअरचं १४७३ चं चित्र गुलाबांनी गच्च भरलंय, ते एकदा बघाच.

चौथी पायरी : रंग

निळा रंग म्हणजे स्वर्ग, लाल म्हणजे प्रेम आणि रक्त, असं कुठल्याही पुस्तकात मिळेल. ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. निळ्यामागे आधी हिशोब होता.

उत्तम निळा रंग मिळायचा लाजवर्द दगडातून. आपल्या जुन्या ग्रंथांत यालाच राजावर्त म्हणतात. त्या काळी तो येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, उंटांवरून आणि जहाजांतून व्हेनिसला. 'समुद्रापलीकडचा' असं त्याचं नावच पडलं. नुसता दगड कुटून भागत नाही, करडी भुकटी हाती लागते. चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानं १४०० च्या आसपास कृती लिहून ठेवली आहे : भुकटी मेण आणि राळेत कालवून तिचा गोळा करायचा, काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या क्षारपाण्यात कणकेसारखा मळत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, मळ गोळ्यातच राहतो. पहिल्या पाण्यातला निळा सगळ्यात गडद आणि महाग. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातला फिका आणि स्वस्त.

म्हणून करारात निळ्याचा भाव लिहिलेला असे. दोमेनिको गिरलांदायोनं फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी मरिया, बाळ आणि भेटी घेऊन आलेले राजे असं वेदीचित्र काढायचं १४८५ साली ठरवलं, तेव्हा निळा रंग औंसाला चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) किमतीचा असावा, असं करारात घातलं गेलं. चित्र आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे. थोडक्यात, मरियेचं प्रावरण म्हणजे देवीला चढवलेला दागिना. तो किती अस्सल आहे हे शेजारपाजारच्यांनाही कळत होतं.

हा हिशोब कळला की पुढची फसगत टळते. एखाद्या चित्रात मरियेचं वस्त्र काळपट किंवा हिरवट दिसलं की लोक लगेच 'शोकाचा रंग' म्हणतात. थांबा. स्वस्तातला निळा तांब्याच्या खनिजाचा असे आणि तो शतकांत काळवंडतो. हिरवी पानं तपकिरी होतात, काही लाल रंग विटून गुलाबी होतात. आणि नियमाला अपवादही आहेतच. वर सांगितलेल्या व्हान आइकच्या चित्रात मरियेचं भलंमोठं प्रावरण लाल आहे.

पाचवी पायरी : पैसे कुणाचे, जागा कुठली

चित्राच्या कोपऱ्यात कुणी चित्रकाराच्या काळच्या कपड्यांतला माणूस गुडघे टेकून बसला असेल, तर तोच यजमान. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं सुमारे १४७२ चं चित्र घ्या. चिलखतातला ऊर्बिनोचा राज्यकर्ता फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो उजवीकडे वाकला आहे, डावी बाजू आपल्याकडे करून, कारण झुंजीत त्याचा उजवा डोळा गेला होता. मध्ये मरिया, मांडीवर झोपलेलं बाळ, गळ्यात पोवळं. वर शिंपल्याच्या आकाराचा घुमट आणि त्यातून साखळीनं लोंबणारं अंडं. विश्वाची उत्पत्ती? नर-मादीशिवाय झालेला जन्म? शहामृग हा त्या घराण्याच्या बोधचिन्हात होता, तो अर्थ? त्याच सुमारास फेदेरिकोला मुलगा झाला आणि थोड्याच महिन्यांत बायको बातिस्ता वारली, त्याचा धागा? अभ्यासक आजही भांडतात. मला घरच्या दुःखाचा धागा ओढतो, पण तो माझा कल आहे, पुरावा नव्हे. अंडं मरियेच्या डोक्यावर लटकल्यासारखं वाटतं, ते मात्र खरं नाही. यथार्थदर्शनाच्या, म्हणजे चित्रात खोली दाखवणाऱ्या, रेषा मागे नेऊन बघा, ते तिच्या पुष्कळ मागे आहे.

घरातल्या चित्रांचं काम वेगळं होतं. जोव्हान्नी दोमिनिची या धर्मगुरूनं पंधराव्या शतकाच्या आरंभी आईबापांना सल्ला दिला होता की घरात बाळ येशू आणि बाळ योहान यांची चित्रं लावा, म्हणजे मुलांना आपल्यासारखाच कुणीतरी त्यात दिसेल आणि ती त्याच्यासारखी वागायला बघतील. त्या चित्रांतली माया खोटी नाही, ती अशी मुद्दाम पेरलेली आहे.

सहावी पायरी : शंका घ्या

इथपर्यंत आलात की एक आजार जडतो. प्रत्येक पान, प्रत्येक खुर्ची खूण वाटायला लागते. मला जडला होता.

वेताच्या जाळीचं ते लंडनचं चित्र पुन्हा उघडा. उजव्या बाजूला कपाट आणि त्यावर प्याला आहे. मिस्साचा पवित्र प्याला म्हणून मी त्यावर माझ्या वहीत अर्धं पान खरडलं होतं. नंतर कळलं, चित्राच्या उजवीकडची ती पट्टी एकोणिसाव्या शतकात जोडलेली आहे, मूळ भाग गहाळ झाल्यामुळे. म्हणजे मी पंधराव्या शतकाच्या नावावर एकोणिसाव्या शतकातला प्याला वाचत होते.

तेव्हापासून तीन गोष्टी तपासल्याशिवाय अर्थ लावत नाही. एक, ती वस्तू मूळ चित्रातलीच आहे का, की नंतरची भर. दोन, त्याच काळच्या, त्याच गावच्या दुसऱ्या चित्रांत ती याच जागी येते का. तीन, चित्रातला दुसरा कुणी तिच्याकडे बघतोय का, बोट दाखवतोय का, की ती नुसती पडून आहे. तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तर ती खुर्ची म्हणजे खुर्चीच.

एक चित्र सोबत वाचू

जोव्हान्नी बेल्लिनी, 'कुरणातली मरिया', १५०० नंतरची काही वर्षं, लंडन नॅशनल गॅलरी.

पूर्ण चित्र बघा. माळावर बसलेली आई, मागे गुरं, शेतं, टेकडीवरचं गाव. ऊन कोवळं, झाडांना पानं नाहीत. म्हणजे हिवाळा सरतोय, येशूच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची आठवण करायचा ईस्टर जवळ आलाय.

आई जमिनीवर : नम्रता. बाळ नागडं आणि गाढ झोपलेलं, पाय सैल सोडलेले, आईच्या मांडीवर तिरकं. हात बघा. मरियेचे हात बाळाला धरत नाहीयेत. बोटांची टोकं जुळवून ती प्रार्थना करतेय, आणि त्या बोटांच्या कमानीखाली बाळ आहे. मूल मांडीवर असताना आईचे दोन्ही हात मोकळे राहतात कधी? आपण बाळ घसरेल म्हणून धास्तावतो. ही धास्ती बेल्लिनीला हवीच होती.

आता डावीकडे वर जा. उघड्या फांदीवर काळा मोठा पक्षी बसलाय, वाट बघत. खाली, एका बोटानं झाकली जाईल एवढ्या जागेत, लांब मानेचा पांढरा पक्षी सापाशी झुंजतोय. पाप आणि त्याच्याशी लढणारा. वरचा पहिला आणि तिसरा प्रश्न विचारा. पक्षी मूळचे आहेत. पण माळावरच्या माणसांपैकी कुणी त्यांच्याकडे बघत नाही. गुराखी आपल्या कामात आहे. इतकी मोठी गोष्ट घडतेय आणि गावाचा दिवस नेहमीसारखा चाललाय. मला वाटतं बेल्लिनीनं जाणूनबुजून ती कुणाला दिसू दिली नाही, फक्त चित्रापुढे उभ्या असणाऱ्याला.

पुण्यापर्यंत आलेली मरिया

या चित्रांच्या छापील प्रती सोळाव्या शतकातच गोव्यामार्गे हिंदुस्थानात पोचल्या. १५८० मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइट पंथाच्या पाद्रींनी मरियेची चित्रं नेली आणि मुघल चित्रकारांनी ती आपल्या हातानं पुन्हा काढली.

पण माझ्या मते सगळ्यात धीट पाऊल चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांचं. गोव्यात १९०२ साली जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ पर्यंत काम केलेले. त्यांची मरिया साडी नेसते, सावळी असते, आपल्याकडच्या बाईसारखी जमिनीवर बसते. गोव्यात तेव्हा यावर पुष्कळ नाराजी झाली. त्यांचं एखादं माता-बालक बघायला मिळालं तर वरच्याच पायऱ्यांनी चढा : हात, बैठक, रंग, मग पैसे कुणाचे. लाजवर्द आणि गोल्डफिंच इथे शोधू नका. त्यांच्या जागी त्यांनी काय ठेवलं ते शोधा.

आता तुम्ही

मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर कार्लो क्रिव्हेल्लीचं सुमारे १४८० चं माता-बालक उघडा. चित्र अवघं पंधरा इंच बाय दहा इंच, तेव्हा ते कुठे टांगलेलं असेल ते आधी ठरवा. वर सफरचंदं आणि चक्क काकडी लोंबतेय, ती पापाच्या बाजूची की सुटकेच्या, याचा अंदाज बांधा. बाळाच्या मुठीत काय आहे ते आता तुम्ही लगेच ओळखाल. दोघांच्या नजरा कुठे जातात ते पट्टी लावून बघा. मग खाली कठड्यावर, डावीकडे, एक माशी आहे. तिचा आकार बाळाच्या बोटांशी ताडून पाहा. आणि मला सांगा, ती माशी चित्रातल्या कठड्यावर बसली आहे, की चित्रावर?